ज्येष्ठमधाचा अर्क घरी: काढणं, टिकवणं आणि त्वचेला लावणं

ज्येष्ठमधाचा काढा उकळायचा, गाळून स्प्रेच्या बाटलीत भरायचा, त्यात चार थेंब सुगंधी तेल टाकायचं आणि 'नैसर्गिक टोनर' म्हणून महिनाभर चेहऱ्यावर मारायचा, ही कृती सगळीकडे सापडते. काढ्यापर्यंत ती ठीक आहे. बाटलीपासून पुढचं सगळं चूक. ज्येष्ठमधाच्या मुळात साखर असते, पिष्ट असतं, आणि पाण्यात उतरलेला काढा म्हणजे जिवाणूंना वाढलेलं ताट. एप्रिल-मेच्या उकाड्यात तो नाशकात एका दिवसात आंबतो, फ्रीजमध्ये फार तर दोन दिवस काढतो. अडचण अशी की बिघडल्यावरही तो आणखी काही दिवस डोळ्यांना चांगलाच दिसतो.

अर्क काढायला फारसं कसब लागत नाही, टिकवायला लागतं. म्हणून इथे दिलेल्या प्रत्येक कृतीत पाणी किती आहे आणि त्याचा बंदोबस्त काय, हा प्रश्न आधी सोडवला आहे.

मूळ घेताना

तयार पूड घेऊ नका. पुडीत काय दळलंय ते ओळखता येत नाही आणि जुनी पूड पांढुरकी, निःसत्त्व झालेली असते. जुन्या नाशकात रविवार कारंजा, भद्रकालीच्या बाजूला काष्ठौषधींची दुकानं आहेत, तिथे काड्या मागा. पाकिटांवर 'मुलेठी' किंवा 'जेष्ठमध' असं काहीही लिहिलेलं असतं, माल एकच. बोटाच्या जाडीची, बाहेरून करड्या-तपकिरी सालीची, सालीवर उभ्या सुरकुत्या असलेली काडी घ्या. मोडल्यावर ती कटकन तुटत नाही, तंतू निघतात आणि आतून स्वच्छ पिवळी दिसते. तुकडा चघळल्यावर गोडी लगेच येते आणि बराच वेळ जिभेवर राहते. गोडीमागून ठसठशीत कडवटपणा आला, किंवा आतला रंग करडा निघाला, तर ती जुडी परत ठेवा.

त्र्यंबकेश्वराच्या वाटेवर जडीबुटीवाल्यांकडे 'आपल्या डोंगरातला ताजा ज्येष्ठमध' मिळाला, तर घेऊ नका. ज्येष्ठमध सह्याद्रीत रानात उगवत नाही. भारतात विकला जाणारा बहुतेक माल अफगाणिस्तान, इराण आणि मध्य आशियाच्या बाजूने येतो. आपल्या रानात उगवते ती गुंज. तिचा पाला गोड, विड्यात घालतात; मूळही गोडसर, आणि ज्येष्ठमधाच्या नावाने खपवलं जातं ते हेच. सोनार वजनाला वापरायचे त्या लाल-काळ्या बिया याच वेलीच्या, आणि त्या जहाल विषारी. कुणी मुळाबरोबर शेंगा-बिया दिल्या, तर त्या घरातसुद्धा आणू नका.

काड्या ओल्या फडक्याने पुसून सावलीत एक दिवस वाळवा, मग खलबत्त्यात कुटा. मिक्सरमध्ये थेट टाकल्या तर तंतू पात्यात गुंडाळले जातात. भरड जवाच्या दाण्याएवढी हवी. वैद्य तिला यवकूट म्हणतात आणि हा आकार उगीच ठरलेला नाही. मैद्यासारखी बारीक पूड केली तर गाळताना कापड बुजतं आणि अर्काऐवजी चिखल हाती येतो. फार मोठे तुकडे ठेवले तर आतपर्यंत द्रव पोचत नाही. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, मुळं हवेतला ओलावा ओढतात आणि त्यांच्यावर हिरवट बुरशी धरते. वर्षभराचा माल एकदम घ्यायचा असेल, तर दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत घ्या आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

कशात काय उतरतं

या मुळातल्या तीन गोष्टींशी आपलं काम आहे. ग्लिसिरायझिन: गोडी हिचीच, पाण्यात उतरते, साबणासारखा फेस करते आणि लालसर, चुरचुरणाऱ्या त्वचेला शांत करते. लिक्विरिटिन: हेही पाण्याच्या आणि ग्लिसरीनच्या वाटेने येतं, काळे डाग फिके करण्याशी त्याचं नाव जोडलेलं आहे. आणि ग्लॅब्रिडिन: त्वचेचा रंग बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला अडवतं, म्हणून 'ब्राइटनिंग'वाल्या सगळ्या बाटल्यांवर ज्येष्ठमध छापलेला असतो. पण ग्लॅब्रिडिन पाण्यात जवळपास उतरतच नाही. ते अल्कोहोलमध्ये चांगलं उतरतं, तेलात थोडंसं. म्हणजे घरच्या काढ्यात तुम्हाला हवं असलेलं ग्लॅब्रिडिन नसतंच, हे आधी मान्य करायला हवं.

मग अल्कोहोल का नको? शुद्ध इथेनॉल परवान्याशिवाय सहज मिळत नाही, आणि रंगाच्या दुकानातलं स्पिरिट हा पर्याय नाही: त्यात मिथेनॉल मिसळलेलं असतं, ते त्वचेवाटेही शरीरात जातं. सॅनिटायझरमध्ये मूळ भिजवण्याचे प्रयोगही नकोत. ज्यांना ग्लॅब्रिडिनच हवं आहे त्यांनी सौंदर्यप्रसाधनांचा कच्चा माल विकणाऱ्याकडून प्रमाणित पूड घ्यावी. शेकडा ४० ग्लॅब्रिडिनची पूड मिळते, महाग असते, आणि क्रीममध्ये ती टक्क्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास लागते. नेमकी मात्रा पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावरूनच ठरवा.

घरी उरतात दोन माध्यमं: ग्लिसरीन आणि तेल.

ग्लिसरीनमधला अर्क

भरड २० ग्रॅम, ग्लिसरीन ७० ग्रॅम, डिस्टिल्ड पाणी ३० ग्रॅम. तिन्ही गोष्टी वजनाने, मापाच्या कपाने नाही: ग्लिसरीन पाण्यापेक्षा जड असतं, १०० मिली ग्लिसरीन साधारण १२६ ग्रॅम भरतं, त्यामुळे चमच्यांचा हिशोब इथे फसतो. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्याच, पुढे क्रीमला तो लागणार आहे. ग्लिसरीन केमिस्टकडचं, बाटलीवर 'आयपी' (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधी दर्जाचं) छापलेलं घ्या. सुटं औद्योगिक ग्लिसरीन स्वस्त असतं पण त्वचेसाठी नाही. पाणीही केमिस्टकडचं. बॅटरीत घालायचं पाणी वापरू नका, त्याच्या शुद्धतेची हमी कुणी त्वचेच्या हिशोबाने देत नाही. बोअरवेलच्या पाण्यातले क्षार अर्कात गढूळपणा आणतात, आणि घरचं आरओचं पाणी क्षारमुक्त झालं तरी जंतुमुक्त राहत नाही.

ग्लिसरीन आणि पाणी आधी एकत्र नीट ढवळा, मग भरडीवर ओता. उलट केलं, म्हणजे आधी पाणी ओतलं, तर कोरडी भरड ते सगळं पिऊन घेते आणि ग्लिसरीन वर तरंगत राहतं. काचेची रुंद तोंडाची बरणी घ्या. झाकण सैल ठेवा. पातेल्याच्या तळाशी फडकं घालून त्यावर बरणी ठेवा आणि बाहेरचं पाणी ५५ ते ६० अंशांवर साडेतीन-चार तास राखा. स्वयंपाकघरातला थर्मामीटर नसेल तर हा अंक साधत नाही. पाण्यातून वाफ येते पण बुडबुडा नाही, एवढ्या खुणेवर काम भागवायचं तर दर पंधरा मिनिटांनी लक्ष द्यावं लागतं. अर्ध्या तासाने एकदा बरणी हलवा.

६०च्या पुढे का जायचं नाही? त्याच्या पुढे मुळातलं पिष्ट फुगू लागतं, अर्क खळीसारखा दाट होतो आणि गाळता गाळत नाही. घाई करून उकळलेला अर्क हमखास असा निघतो. तो कायमचा गढूळ राहतो, क्रीममध्ये चिकटपणा आणतो.

रात्रभर तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी बरणी पुन्हा कोमट करा, कारण थंड ग्लिसरीन कापडातून उतरायला अर्धा दिवस लावतं, आणि धुवून खडखडीत वाळवलेल्या मलमलीतून पिळून घ्या. साधारण ७० ते ७५ ग्रॅम गडद पिवळा-तपकिरी अर्क मिळतो. बाकीचा चोथ्यात अडकतो.

आणि इथेच हात चुकतो. अडकलेला अर्क वाया जाऊ नये म्हणून चोथ्यावर वरून पाणी ओतून पुन्हा पिळायचा मोह होतो. असं ३० ग्रॅम पाणी ७५ ग्रॅम अर्कात गेलं की ग्लिसरीनचं प्रमाण ७० टक्क्यांवरून थेट ५०वर येतं. सत्तर टक्क्यांना ग्लिसरीन पाणी इतकं घट्ट धरून ठेवतं की जंतूंना ते वापरता येत नाही. पन्नासला बुरशीला वाट मिळते. महिन्याभराने झाकणाच्या कडेला पांढरी-हिरवी साय दिसते. चोथा धुवायचाच असेल, तर त्या पाण्याने त्याच दिवशी पाय शेकून घ्या आणि उरलेलं फेकून द्या.

अर्क दोन दिवस फ्रीजमध्ये स्थिर ठेवा, तळाशी बसलेला गाळ मागे ठेवून वरचा निवळ गडद रंगाच्या बाटलीत ओता, तारीख लिहा. फ्रीजमध्ये सहा महिने. तळाशी थोडा गाळ पुन्हा बसला तर बिघडलं असं नाही. बाटली उघडताना फुस्स आवाज आला, आंबूस वास आला किंवा पृष्ठभागावर पापुद्रा दिसला, तर सगळा अर्क टाकून द्यायचा. वरचा थर काढून खालचा वापरायचा नाही.

हा अर्क नुसता चेहऱ्याला चोपडू नका. इतकं दाट ग्लिसरीन त्वचेला ओढल्यासारखं वाटतं, कोरड्या हवेत तर जास्तच, आणि धूळ चिकटते ती वेगळी. त्याची जागा दुसऱ्या कशात तरी ३ ते ५ टक्के, एवढीच.

तेल: शास्त्रोक्त पाकाने

मूळ तेलात भिजवून बरणी उन्हात ठेवायची, ही सोपी रीत. ज्येष्ठमधाच्या बाबतीत ती जवळजवळ निकामी, कारण त्याचा बराचसा गुण तेलात सरळ उतरत नाही. आयुर्वेदातली तैलपाकाची रीत यावर उपाय करते: पाण्यातला काढा आणि तेल एकत्र शिजवायचं, पाणी आटेपर्यंत. शार्ङ्गधर या जुन्या आयुर्वेद-ग्रंथकारांनी दिलेलं प्रमाण कल्क (मुळाचा बारीक वाटलेला गोळा) १, स्नेह (तेल) ४, द्रव १६ असं आहे. घरच्या मापात कल्क २५ ग्रॅम, तेल १०० ग्रॅम, काढा ४०० ग्रॅम. काही पाठांत द्रव म्हणून दूध सांगितलं आहे. घरी ते टाळा, दुधातला घन भाग तळाशी लागतो आणि नीट गाळला गेला नाही तर तेल लवकर बिघडतं.

तेल तिळाचं. कच्च्या तिळाचं, लाकडी घाण्याचं फिकट पिवळं घ्या, भाजलेल्या तिळाचं गडद नको. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं. निफाडकडे थंडीत पारा एक आकडी होतो, तिथे तेलाची बाटली रोज चुलीजवळ न्यावी लागेल. द्राक्षांचा जिल्हा म्हणून द्राक्षबियांचं तेल वापरावंसं वाटतं. ते हलकं आहे, चेहऱ्याला छान बसतं, पण त्यात लिनोलेइक आम्ल फार असल्याने ते तिळापेक्षा लवकर खवट होतं आणि तासन् तास शिजवायला योग्य नाही. वापरायचंच तर ते तयार तिळाच्या तेलात नंतर मिसळा, लागेल तेवढंच.

काढ्यासाठी १०० ग्रॅम भरड १६०० मिली पाण्यात टाकून मंद आचेवर ४०० मिलीपर्यंत आटवा. पातेलं दुप्पट उंचीचं घ्या, झाकण नको. ज्येष्ठमध उतू जातो, तोही दुधासारखी सूचना न देता, कारण फेस त्याच्या स्वभावातच आहे. लोखंडी कढई वापरली तर काढा काळपट होतो. स्टीलचं जाड बुडाचं पातेलं बरं. आटलेला काढा गाळून तासभर स्थिर ठेवा आणि वरचा भाग ओतून घ्या. तळाचं पिष्ट तेलात गेलं तर तेच पहिल्यांदा करपतं. वरचा भाग ४०० पेक्षा कमी भरला तर चालेल.

कल्कासाठी २५ ग्रॅम मूळ बारीक दळून (इथे मात्र बारीकच) थोड्या पाण्यात गोळा करा. तेल कोमट करा, तापवू नका, नाहीतर काढा ओतताना अंगावर उडेल. कल्क घाला, काढा ओता, मंद आचेवर ठेवा आणि पळी तळापर्यंत फिरवत राहा. या प्रमाणाला दोन ते तीन तास लागतात. थर्मामीटर असेल तर त्याच्याकडे बघत राहणं सोपं: पाणी शिल्लक आहे तोवर काटा १००च्या आसपास अडकून राहतो, पाणी संपत आलं की चढू लागतो. १०५ दिसलं की परीक्षा सुरू करा.

ग्रंथांत तेल झाल्याची खूण म्हणून फेस येणं सांगितलं आहे. तुपाला उलट: फेस बसला की तूप झालं. ज्येष्ठमधाच्या तेलात मात्र फेसावर विसंबू नका, कारण मूळच फेसाळ असल्याने फेस पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसतो, आणि अनेकांचं तेल इथेच कच्चं उतरतं. दोन खुणा खऱ्या धरा. कल्क चिमटीत घेऊन वळला की त्याची वात होते आणि बोटांना चिकटत नाही. ती वात ज्योतीवर धरली की तडतडत नाही. तडतडली म्हणजे आत पाणी आहे, आणि पाणी राहिलेलं तेल महिन्याभरात आंबूस होतं.

ही अवस्था म्हणजे मध्यम पाक. त्याच्या पुढे कल्क कडक होऊन मोडू लागतो, तो खर पाक. अभ्यंगाला तो चालतो असं ग्रंथ सांगतात. पण खर आणि जळालेला यांच्यातलं अंतर या प्रमाणाला दोन-चार मिनिटांचंच आहे, म्हणून मध्यमालाच थांबा. वात जमली की लगेच उतरवा, कारण जाड बुडाचं पातेलं आचेवरून काढल्यावरही शिजवत राहतं. गरम असतानाच कोरड्या कापडातून गाळा. ७० ते ८० ग्रॅम तेल मिळेल. बाटली ओव्हनमध्ये किंवा कडक उन्हात पूर्ण वाळवलेली हवी. धुवून नुसती उपडी ठेवलेली बाटली ही तेल बिघडण्याचं सगळ्यात सामान्य कारण. अंधाऱ्या जागी सहा महिने. रंगासारखा, खवट वास आला की त्याने दाराच्या बिजागऱ्यांना तेल द्या.

हे तेल हात, कोपर, टाचा, पोटऱ्या यांना उत्तम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कोरडी थंडी पडली की आंघोळीनंतर ओलसर अंगावर लावा, तेव्हा कमी पुरतं. फवारणी किंवा बागेतलं काम करून आलात तर आधी साबणाने स्वच्छ धुऊन, मग तेल. मुरुमांच्या चेहऱ्यावर नको.

क्रीम, १०० ग्रॅम

चेहऱ्यासाठी दोन्ही अर्क एकत्र आणणारं हलकं क्रीम असं:

तेलाचा भाग: ज्येष्ठमधाचं तेल १२ ग्रॅम, इमल्सिफायिंग वॅक्स (तेल-पाणी एकजीव करणारं मेण) ५, सिटाइल अल्कोहोल (नावात अल्कोहोल असलं तरी हा घट्टपणा देणारा मेणचट पदार्थ) २.
पाण्याचा भाग: डिस्टिल्ड पाणी ७५.५, ग्लिसरीनमधला अर्क ४.
थंड झाल्यावर: संरक्षक, म्हणजे फिनॉक्सीइथेनॉल आणि इथाइलहेक्सिलग्लिसरीन यांचं तयार मिश्रण १, जीवनसत्त्व ई ०.५.

भांडी, ब्लेंडरची दांडी, पळी, डबी, सगळं धुवून सत्तर टक्क्यांच्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा आणि हवेवर वाळू द्या. दोन्ही भाग वेगवेगळ्या भांड्यांत गरम पाण्यावर ७० ते ७५ अंशांना वीस मिनिटं ठेवा. पाण्याचं भांडं झाकूनही वजन थोडं घटतं. म्हणून आधी-नंतर वजन करा आणि घटलेलं गरम पाणी भरून काढा, नाहीतर क्रीम दर वेळी वेगळं जमेल. दोघांचं तापमान जवळपास सारखं असताना पाणी तेलात ओता आणि हॅन्ड ब्लेंडर थांबत-थांबत चालवा: वीस सेकंद चालू, मिनिटभर चमच्याने ढवळणं, पुन्हा चालू. सलग फिरवलं तर हवा भरून फेस होतो, आणि ज्येष्ठमध आत असल्याने तो फेस बसत नाही. नुसत्या चमच्याने ढवळलेलं क्रीम त्या दिवशी सुंदर दिसतं आणि आठवड्यात पाणी सोडतं. एक भाग ७५ला आणि दुसरा ५०ला असताना मिसळला, तर वॅक्स आधीच गोठून दाणे पडतात. अशा वेळी पूर्ण क्रीम पुन्हा ७०पर्यंत तापवून फिरवलं तर बहुधा सुधारतं.

४० अंशांना आल्यावर संरक्षक आणि जीवनसत्त्व ई घाला. संरक्षकाला नाकं मुरडली जातात, पण या डबीत पाऊण हिस्सा पाणी आहे आणि त्यात गोड मुळाचा अर्क. जीवनसत्त्व ई तेलाला खवट होण्यापासून वाचवतं, जंतूंना नाही. कडुनिंबाचं तेल, रोझमेरीचा अर्क, मध, कापूर यांच्यापैकी काहीही एवढ्या पाण्याला पुरत नाही. फिनॉक्सीइथेनॉल एकूण १ टक्क्याच्या वर नको, आणि तयार मिश्रणाची मात्रा त्याच्या पाकिटावर बघा.

फिनॉक्सीइथेनॉलच का? सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट खाण्याच्या पदार्थांमुळे ओळखीचे आहेत, पण ते आम्ल वातावरणातच, पीएच पाचाच्या खाली, नीट काम करतात. ज्येष्ठमधाचं नेमकं याच्या उलट: आम्ल वाढवलं की ग्लिसिरायझिन पाण्यातून बाहेर पडतं आणि गाळ बसतो. संरक्षकाला आम्ल हवं, अर्काला नको, हे भांडण घरात मिटत नाही. फिनॉक्सीइथेनॉलला पीएचचं फारसं सोयरसुतक नाही. क्रीमचा पीएच पट्टीने तपासा, ५.२ ते ५.८ ठीक. वर असेल तर सायट्रिक आम्लाचं १० टक्के द्रावण थेंबाथेंबाने, दर वेळी ढवळून. लिंबू पिळू नका. त्याच्या आम्लाचा अंदाज येत नाही, आणि कागदी लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की पोळल्यासारखे चट्टे उठतात आणि मागे महिनोन् महिने काळे डाग राहतात. डाग घालवायला निघालेल्या माणसाने हे करू नये.

क्रीम फिकट पिवळं दिसेल, काही आठवड्यांत किंचित गडद होईल, ते ठीक. पंपाची बाटली डबीपेक्षा बरी, बोटं आत जात नाहीत. तीन महिन्यांत संपवा. गुलाबी, करडा किंवा काळा ठिपका दिसला, पाणी सुटलं, वास बदलला, तर टाका.

टोनर हवाच असेल तर डिस्टिल्ड पाणी ९६ ग्रॅम, अर्क ३, तेच संरक्षक १; हलवून वापरा. गुलाबजल घालायचं असल्यास त्याची बाटली वाचा. मोगलांच्या काळी नाशिकला गुलशनाबाद म्हणत, पण आज दुकानातल्या स्वस्त गुलाबजलात बहुधा पाणी, सुगंध आणि संरक्षक एवढंच असतं. लेपासाठी एक चमचा बारीक पूड आणि तेवढीच मुलतानी माती पाण्यात कालवा, दहा मिनिटांनी, पूर्ण वाळायच्या आत धुवा. लेप दर वेळी ताजा. कालवलेला उरला तर दुसऱ्या दिवशी नाही.

लावण्याआधी आणि लावल्यावर

कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी सकाळ-संध्याकाळ सलग पाच-सहा दिवस लावून बघा. ॲलर्जी पहिल्याच दिवशी दिसते असं नाही. खाज, पुरळ, फोड आलं तर बंद. दोष ज्येष्ठमधाचा, वॅक्सचा की संरक्षकाचा हे कळण्यासाठी एकेक गोष्ट वेगळी तपासावी लागते. चिरलेल्या, चिघळलेल्या किंवा इसबाच्या जागी घरचं काहीही लावू नका.

ज्येष्ठमधाने कुणी गोरं होत नाही. मुरुमांचे मागे राहिलेले डाग, उन्हाने आलेला काळेपणा यांवर आठ ते बारा आठवड्यांनी थोडा फरक दिसू शकतो, तोही रोज उन्हापासून बचाव केला तरच. बाजारातल्या शुद्ध घटकांच्या क्रीमवरचे निकाल घरच्या अर्काला जसेच्या तसे लागू होत नाहीत, कारण आपल्या बाटलीत सत्त्व किती आहे हे आपण मोजलेलं नसतं. द्राक्षबागेत एप्रिलच्या खरड छाटणीला दिवसभर उभं राहणाऱ्यांनी सनस्क्रीन दर दोन तासांनी लावणं अवघडच. त्यांना रुंद काठाची टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा कुठल्याही क्रीमपेक्षा जास्त उपयोगी. वांग खोलवर असतो, त्याला त्वचारोगतज्ज्ञ गाठा. मानेच्या मागे, काखेत मखमलीसारखी जाड काळी त्वचा आली असेल तर घासू नका, लेपही नको. ते बऱ्याचदा इन्सुलिनच्या बिघाडाचं लक्षण असतं, रक्तातली साखर तपासून घ्या. आणि एखादं घरगुती म्हणून मिळालेलं क्रीम चार दिवसांत चेहरा उजळवत असेल तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. तशा क्रीमची सवय लागलेल्या चेहऱ्यावर अचानक ज्येष्ठमध सुरू केला आणि चेहरा लाल झाला, तर दोष मुळाचा नसतो.

काढा उरला म्हणून रोज पिऊन टाकण्याची पद्धतही धोक्याची. पोटात बरेच दिवस जास्त ज्येष्ठमध गेला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घसरतं. रक्तदाबाच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि गरोदर बायकांनी तर मुळीच नाही. त्वचेवर लावलेल्या एवढ्याशा प्रमाणाने असं होण्याची भीती नाही.

घरात आणि बहिणी-भावजयांना दिलं तोवर ठीक. प्रदर्शनात टेबल लावून किंवा व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊन विकायचं असेल तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू होतात: विक्रीसाठी उत्पादन करायला परवाना लागतो, स्वतंत्र जागा लागते, लेबलवर घटक, बॅच क्रमांक आणि मुदत लागते. डाग बरे करतो, रोग घालवतो असा दावा छापला की माल प्रसाधन न राहता औषध ठरतो आणि परवानाही वेगळा लागतो.